दादरचा फराळ आणि माटुंग्याचे पान

प्रवास म्हटला म्हणजे तो काशी-रामेश्वराचा, निदान महाबळेश्वर-माथेरानचा तरी असावा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. बिऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावर जो मुलूख पसरलेला असतो, त्याचे वर्णन करावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्यांस खाण्याची आवड आहे आणि खाल्लेला पदार्थ घरी करून पाहण्याची हौस आहे, त्यांस आपल्याच शहरात देशाटनाचे पुष्कळसे फळ मिळू शकते, असा आमचा अनुभव आहे. आज वाचकांस आम्ही ज्या सफरीवर नेणार आहोत, तिला ना तिकीट लागते, ना वळकटी. दादर स्टेशनाच्या पश्चिमेस आरंभ करावयाचा, शिवाजी पार्काच्या बाजूस फेरफटका मारून टिळक पुलावरून पूर्वेस उतरावयाचे आणि हिंदू कॉलनीतून माटुंग्यास पोहोचावयाचे, एवढाच हा मार्ग. सारा मिळून चार-पाच किलोमीटरांचा. चालण्यास किती वेळ लागेल हे सांगता येते. खाण्यात किती जाईल हे ज्याच्या त्याच्या जठराग्नीवर अवलंबून!

हा भाग असा का वसला, हे आधी सांगितले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा दाटीवाटीच्या वस्तीतून माणसे बाहेर काढावीत, या हेतूने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर, माटुंगा, शीव या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते व बागा आखून नवी वस्ती उभारण्याची योजना ट्रस्टने हाती घेतली. तेथे हळूहळू मराठी, पारशी, गुजराती आणि दक्षिणेकडील कुटुंबे येऊन राहिली. घर बदलले तरी जीभ बदलत नाही. त्यामुळे बिऱ्हाडासमवेत प्रत्येकाचे स्वयंपाकघरही आले. त्यांतूनच पुढे एकटे राहणारे कारकून, विद्यार्थी आणि स्टेशनावर उतरणारे पाहुणे यांच्यासाठी उपाहारगृहे निघाली. शहराच्या एका साथीने नवीन पंगती मांडल्या, असे म्हटल्यास ते अगदीच वावगे होणार नाही.

दादर पश्चिमेचा विचार करू लागताच पहिले नाव आठवते ते मामा काणे यांचे. त्यांच्या उपाहारगृहाची स्थापना १९१० सालची, आणि त्याचे नाव ‘स्वच्छ उपाहारगृह’. आजच्या वाचकास हे विशेषण गमतीचे वाटेल. उपाहारगृह स्वच्छ नसावयाचे तर काय असावयाचे! परंतु ज्या काळी बाहेरचे खाणे हा घरंदाज माणसाच्या दृष्टीने थोडाफार आडमार्गच होता, त्या काळी या एका शब्दाने कितीतरी भिडस्त मंडळींस धीर दिला असेल.

तेथून शिवाजी पार्काच्या दिशेस गेले, की ‘प्रकाश’ आणि ‘आस्वाद’ ही दोन उपाहारगृहे लागतात. ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पीयूष यांची कीर्ती जुनी. १९८६ साली निघालेल्या ‘आस्वाद’च्या मिसळीस २०१५ साली लंडनमधील एका पारितोषिक-समारंभात जगातील सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविण्यात आले. बहुमानाची बातमी वाचून आम्हांस आनंद झाला; तथापि आमचे लक्ष वेधले ते फलकावरील इतर नावांनी. थालीपीठ, कोथिंबीर वडी, डाळिंबीची उसळ, साबुदाणा वडा! यांतील एकही पदार्थ मूळचा हॉटेलातला नव्हे. सारे घरचे, कोणाच्या आजीच्या, कोणाच्या मावशीच्या हातचे. आज ते पैसे देऊन, रांगेत उभे राहून खावे लागतात, म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. ही हळहळ कितपत योग्य, याचा विचार करण्यासाठीच आम्ही यांतील काही पदार्थ घरी मुद्दाम करून पाहिले.

प्रथम साबुदाणा वड्याचे सांगू. वड्याच्या मिश्रणात गूढ असे काही नाही. भिजून मोकळा झालेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचे जाडसर कूट, मिरची, जिरे, मीठ. खरी गोम कढईत आहे. उपाहारगृहाच्या कढईत तेल इतके असते, की दहा वडे एकदम सोडले तरी त्याची उष्णता ढळत नाही. वडा लगेच वरून आवळतो आणि तेल पीत नाही. घरच्या लहान कढईत दोन किंवा तीनच वडे सोडावेत आणि घाण्या-घाण्यांमध्ये तेल पुन्हा तापू द्यावे. एवढे पथ्य पाळल्यास घरचा वडा दादरच्या वड्याच्या पंक्तीस निःशंकपणे बसतो. आणि एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. एकादशीस ‘चालणारा’ हा पदार्थ. पण त्यातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आज आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले! कोलंबसाच्या सफरीपूर्वी आपल्या पूर्वजांपैकी कोणीही यांतले काही खाल्ले नव्हते. आज हा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतील सेलमच्या बाजूस तयार होतो आणि आपल्या देवघरासमोरच्या ताटात निमूटपणे येऊन बसतो. सोवळ्याच्या डब्यातही परदेश केव्हा शिरला, हे कोणास कळले नाही. आणि कळले असते तरी एवढा चविष्ट परदेश कोणी बाहेर काढला असता, असे आम्हांस वाटत नाही.

डाळिंबीच्या उसळीची गोष्ट निराळी. वाल रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात बांधावेत, मोड येण्यास दुसरा दिवस द्यावा, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलावा. आम्ही उभयतां पाव किलो वाल सोलावयास बसलो, तेव्हा दोघांचे मिळून पाऊण तास हात चालत होते. त्यानंतर फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ, ओले खोबरे. हा भाग तर वीस मिनिटांचा. उसळ उत्तम झाली. डाळिंबी अखंड राहिली आणि तिचा तो किंचित कडसर गोडवा पुरेपूर उतरला. पण ताटातली वाटी रिकामी व्हावयास पाच मिनिटेही लागली नाहीत. दहा माणसांच्या घरात ही उसळ जेव्हा नित्याची होती, तेव्हा सोलण्याचे ते दीड-दोन तास कोणाचे जात असत? ज्या बायकांचे जात, त्यांस त्याचा मोबदला मिळत नसे; पुष्कळदा उसळीतला वाटाही शेवटीच मिळे. ‘पूर्वीसारखे आता घरी होत नाही,’ असे म्हणताना हा हिशेब आपण सोयीस्करपणे विसरतो. दादरच्या मंडईत मोड आणून सोललेले वाल विकणाऱ्या बायका बसतात. त्यांचा भाव ऐकून घासाघीस करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा पाव किलो वाल स्वतः सोलून पाहावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

या हिशेबाचे मोल दादर-परळच्या परिसराने फार पूर्वी ओळखले होते. गिरण्यांतून राबणारे हजारो कामगार कोकणातून व घाटावरून एकटेच येत. त्यांस दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळी गिरणगावातील बायका आपल्या लहानशा खोल्यांतून चालवीत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांखाली त्या दबून गेलेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून या खानावळवाल्या बायकांस संघटित केले आणि त्यांच्यासाठी बँकांचे दार उघडले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, गिरणगाव ओस पडत गेले, आणि जेवणारेच गावी परतल्यावर अनेक चुली थंडावल्या. मुंबईच्या खाद्यजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रसिद्ध उपाहारगृहांच्या आधी या खोल्यांस नमस्कार करावा. पोळी-भाजीस बाजारात किंमत आहे, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली.

असो. आता टिळक पूल ओलांडू. पूर्वेस उतरल्यावर जो चौक लागतो, त्यास लोक अद्याप दादर टी. टी. म्हणतात. ट्रामगाड्यांचे शेवटचे ठाणे, म्हणून टी. टी.; मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, नाव तेवढे उरले. लगतच हिंदू कॉलनी आहे, आणि तिच्यात ‘राजगृह’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान. खाण्याच्या सफरीत या वास्तूसमोर थांबण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले इत्यादी ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणासही अटकाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख असावा, हे पाहून प्रथम नवल वाटते. परंतु १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पेलाभर चहा घेतल्याच्या आरोपावरून केवढे ग्रामण्य माजले, आणि रानडे-टिळकांसारख्यांसही त्याची झळ कशी लागली, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस नवल वाटू नये. आणि तो तर वरच्या वर्गातल्यांचा आपसांतला कलह. ज्यांस दारातच उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी बाकावर बसून चहा मागणे ही केवढी गोष्ट होती! आज ‘प्रकाश’मध्ये गर्दीच्या वेळी शेजारी कोण बसला आहे, हे आपण विचारीत नाही, केवळ त्याच्या ताटात काय आहे, ते डोकावून पाहतो. या साध्या सवयीमागे अनेकांचा लढा आहे, हे ध्यानात ठेवून पुढे चालावे.

किंग्ज सर्कल, म्हणजेच महेश्वरी उद्यान जवळ येऊ लागले, की कॉफीचा वास वाट दाखवू लागतो. फुलवाल्यांकडे मोगऱ्याचे गजरे, दुकानांतून केळीची पाने, आणि पाट्यांवर दाक्षिणात्य नावे. येथील ‘कॅफे मद्रास’ १९४० साली निघाले, आणि माटुंगा स्टेशनाजवळचे ए. रामा नायक यांचे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ साली. उडुपी हे श्रीमध्वाचार्यांनी स्थापिलेल्या कृष्णमठाचे क्षेत्र. तेथील अन्नसंतर्पणाची परंपरा मोठी, आणि त्या मुलखातील स्वयंपाक्यांचे हात शेकडो पाने वाढण्यास सरावलेले. ‘बोर्डिंगा’त आजही केळीच्या पानावर जेवण मिळते. वाढप्यांची ये-जा, सांबार-रसमची भांडी, भाताचा तो पांढराशुभ्र ढीग हे सारे पाहून कोणाही मराठी माणसास आपल्याकडील लग्नाच्या पंगतीची आठवण व्हावी. आग्रह मात्र नाही. आणि आमच्या मते तेच योग्य, कारण पानात टाकलेल्या अन्नापैकी निम्मे आग्रहाच्या खाती जमा होत असते.

माटुंग्याहून आमच्या स्वयंपाकघरात दोन विद्या आल्या. पहिली डोशाची. डोसा पिठात जितका असतो, तितकाच तव्यात असतो. उपाहारगृहातील जाड लोखंडी तवा दिवसभर तापलेला असतो. घरचा पातळ तवा गार पीठ पडताच निवतो. म्हणून घरी जाड बिडाचा तवा घ्यावा, चांगला तापवावा, पाण्याचा हबका मारून पुसावा आणि मगच पीठ पसरावे. मुंबईच्या हवेत पीठ रात्रीतून फुगते. पुण्यास थंडीत त्यास कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो, हेही ध्यानात असावे.

दुसरी विद्या रसमची. रसम आणि आपली चिंचगुळाची आमटी या सख्ख्या बहिणी. दोघींत तूरडाळ, दोघींत चिंच, दोघींच्या माथ्यावर मोहरी-कढीलिंबाची फोडणी. पण स्वभाव अगदी भिन्न! आमटीस गोडा मसाला घालून चांगली उकळी द्यावी, म्हणजे ती मिळून येते. रसमला डाळीचे केवळ वरचे पाणी, वर जाडसर कुटलेले मिरे-जिरे, आणि कडेने फेस जमून वर येऊ लागताच भांडे खाली उतरावयाचे. अधिक उकळले, की सुवास गेला. आमच्या घरी आता दोन्ही होतात, आणि कोणत्या दिवशी कोणती करावी हे भूक व हवा यांवर ठरते. रसम शिकल्यापासून आमटीचे प्रेम तिळमात्र उणे झालेले नाही. उलट तिला उकळी का हवी, हे प्रथमच नीट उमगले.

येथवर आल्यावर आमचा अभिप्राय थोडक्यात सांगतो. घरचे पदार्थ बाजारात गेले, म्हणून ते बिघडले असे नव्हे. बाजारात गेले म्हणूनच त्यांतील कित्येक आज जिवंत आहेत. ज्या घरांनी आपले पदार्थ कोणास दाखविले नाहीत, त्यांचे ते पदार्थ करणाऱ्या हातांबरोबरच गेले. उपाहारगृहाची मर्यादा एवढीच, की तेथील चव बाराही महिने एकच ठेवावी लागते, आणि समोर बसलेल्याचे पोट आज बरे आहे की नाही, हे आचाऱ्यास कळत नाही. तापातून उठलेल्या माणसास मऊ भात आणि मेतकूट केव्हा द्यावे, परगावी निघालेल्या मुलाच्या डब्यात दशम्या किती घालाव्यात, हे जाणणे घराचे काम आहे आणि ते घराकडेच राहणार. ते काम घरातील एकाच माणसाच्या गळ्यात न घालता सर्वांनी वाटून घ्यावे, म्हणजे ते टिकेल.

ज्यांस ही सफर करावयाची असेल, त्यांनी रविवार टाळावा. त्या दिवशी ‘कॅफे मद्रास’पुढची रांग भुकेचा अंत पाहते. एखाद्या साध्या वारी सकाळी लवकर निघावे, दादरला एकच वडा दोघांत घ्यावा, दुपारच्या पानासाठी पोटात जागा राखावी. परतताना मंडईतून सोललेले वाल घ्यावेत, आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींपैकी जे कोणी हयात असतील, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या उसळीचे प्रमाण वाटी-चमच्यासह वहीत उतरवून घ्यावे.