मागच्या रांगेतली माणसे

वाचनालयातील जुनी छायाचित्रे जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? कागद, त्यावरचे चित्र, की चित्रातल्या माणसांची नावे? मारेगाव तालुक्यातील एका लहानशा वाचनालयाच्या पत्र्याच्या पेटीतील छायाचित्रांची नोंद करण्याचे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

पेटीत काय नव्हते! वर्धापनदिन, व्याख्याने, जिनाबाहेर ताटकळलेल्या कापसाच्या बंड्या, रस्त्यासाठी केलेले श्रमदान. यांपैकी एकाचीही नोंद दाखल नोंदवहीत नव्हती, आणि याचा दोष कुणा ग्रंथपालाला द्यावा असे मला वाटत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते ती प्रामुख्याने ग्रंथ, नियतकालिके आणि सभासद यांच्या संख्येवर. जे मोजले जात नाही ते पेटीत जाते.

कागदाचे म्हणाल तर तो आश्चर्य वाटावे इतका चिवट निघाला. जाड कागदावरची जुनी कृष्णधवल छायाचित्रे कडेला पिवळी पडली होती, पण चेहरे शाबूत होते. उलट त्यांच्यानंतरची रंगीत छायाचित्रे तांबूस होऊन विटली होती, आणि चिकट पानांच्या अल्बममधली तर सोडवताना पापुद्र्यासारखी निघू लागली. ती आम्ही तशीच राहू दिली. सगळ्यांना ‘लॅमिनेशन’ करून टाकावे, अशी सूचना कार्यकारिणीत आली. उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही, हे पटवायला दोन बैठका लागल्या. शेवटी आम्लरहित कागदाची पाकिटे नागपुरातून आणली आणि पेटी भिंतीपासून दूर, वाळवीच्या वाटेबाहेर ठेवली. हा भाग सोपा होता.

अवघड होती ती नावे. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे पुठ्ठ्यावर छापलेली असतात: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, चिटणीस. मागे उभे असलेल्यांची नसतात. एका निवृत्त गुरुजींनी पुढची रांग घडाघडा सांगितली आणि मागच्या रांगेशी येऊन ते थांबले. ‘ही कामावरची माणसे,’ एवढेच म्हणाले.

इथे मला पैनगंगेपलीकडची आठवण होते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडोर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या आदिलाबादेत राज गोंडांची, कोलामांची असंख्य छायाचित्रे काढली. ती लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांतली पुष्कळशी आता संगणकावर पाहता येतात. नदीच्या त्या तीरावरची माणसे लंडनमार्गे मला मारेगावात बसून दिसतात. या तीरावरची, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या पोडांवरची माणसे पेटीत आहेत, पण कुणीतरी काढलेल्या दुसऱ्याच कुणाच्या छायाचित्रात, मागे उभी.

श्रमदानाच्या छायाचित्रातल्या अशा एका माणसाला नाव मिळाले ते योगायोगाने. नातवाच्या दाखल्याच्या कामाला आलेली एक कोलाम आजी टेबलाशी थबकली, खाली वाकली आणि घमेले घेतलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा माहा बाप हाये.’ चेहरा जेमतेम नखाएवढा. तिने ओळखला तो उभे राहण्याच्या ढबीवरून. नाव सांगितले, ते मी दोनदा विचारून लिहिले. कोलामीतला तो उच्चार देवनागरीत पुरता उतरला असे मला वाटत नाही. मग तिने सरळ विचारले, ‘मले देता का हे?’

रोलाँ बार्थने 1980 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने लिहिली, पण ते छायाचित्र छापले नाही. इतरांच्या लेखी ते चारचौघांसारखेच एक चित्र ठरले असते, म्हणून. वर्गात हे शिकवताना मला तो एक सुंदर युक्तिवाद वाटे. आजींसमोर तो युक्तिवाद राहिला नाही. आमच्या लेखी जो श्रमदानाचा पुरावा, तो तिच्या लेखी बापाचा एकमेव चेहरा होता.

माझे मत असे पडले की स्कॅन वाचनालयात राहावा आणि मूळ प्रत तिला द्यावी. कार्यकारिणीचे मत उलट पडले. एकदा मूळ प्रती वाटायला लागलो तर पेटीत काय उरेल, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. वणीहून मोठी प्रत करून आणून आजींना दिली. तिने ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. ‘हे तं नवं हाये,’ म्हणाली, आणि पदरात गुंडाळून घेऊन गेली.

आता नोंदवहीत त्या छायाचित्रापुढे पाहुण्यांच्या नावांखाली एक नाव अधिक आहे. त्याच ओळीत उभ्या असलेल्या बाकीच्यांसाठी येत्या रविवारी आम्ही स्कॅन घेऊन आजींच्या पोडावर जाणार आहोत. तिच्याहून वयस्क अशी दोनच माणसे तिथे उरली आहेत, असे ती म्हणाली.