उजव्या पायाचा गिअर

आबांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी होता. पहिला वर, बाकीचे तीन खाली. कोल्हापुरात सतराव्या वर्षी तो आधी माझा पाय शिकला, डोक्याला मागाहून कळलं. राधानगरीपर्यंत जाऊन आलं की आबांच्या हातात चहाची कपबशी वाजायची. हातांना मुंग्या आलेल्या असायच्या.

पुढं नोकरीनं कॉव्हेंट्रीला आणून टाकलं. शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहायचा. त्याच्या गॅरेजात दोन फटफट्या होत्या. १९६७ची ट्रायम्फ बॉनव्हिल, साडेसहाशे सीसी, आणि १९७१ची नॉर्टन कमांडो, साडेसातशेची. रविवारी त्याच्या हातात पाने देणं आणि बिनसाखरेचा चहा सोसणं हे माझं काम. वर्षभरानं त्यानं बॉनव्हिल चालवायला दिली. मी सवयीनं पाय वर उचलला. ट्रायम्फचा पहिला खाली असतो. गाडी दुसऱ्यात पडली, एक आचका दिला आणि बंद.

“तू नॉर्टनवाला दिसतोस,” म्हातारा म्हणाला. नॉर्टनचा पहिला वर, आमच्या बुलेटसारखा. बुलेटचं माहेर रेडिच, तेही तिथून जवळच. मद्रासला ती १९५५ साली आली.

दोन्ही गाड्यांत दोन पिस्टन जोडीनं वर जातात, जोडीनं खाली येतात. स्फोट मात्र आलटून पालटून, म्हणून आवाज एकसारखा, गोड. पण दोघांचं वजन एकाच वेळी एकाच दिशेला फेकलं जातं, त्याची थरथर कुठंतरी निघणारच. एडवर्ड टर्नरच्या १९३७च्या स्पीड ट्विनपासून ट्रायम्फनं ती चालवणाऱ्याच्या हातात दिली. नॉर्टननं १९६७ साली वेगळी शक्कल काढली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म एकत्र बांधून सगळंच रबरावर टांगलं. स्टँडवर सुरू ठेवलेली कमांडो देव अंगात आल्यासारखी घुमते, पुढचं चाकसुद्धा नाचतं. वेग घेतला की एकदम शांत, जणू काही झालंच नाही. त्या रबरांपाशी कागदासारख्या पातळ चकत्या घालून फट राखावी लागते. फट कमी झाली तर थरथर परत, जास्त झाली तर वळणावर मागचं चाक डुलायला लागतं. म्हातारा तासभर त्या चकत्यांशी खेळायचा. मला एकदाही हात लावू दिला नाही.

गाडी म्हणून कमांडो सरस, यात वादच नाही. तरी मी किल्ली मागायचो ती बॉनव्हिलची. बुलेटची जणू वाटणी झाली होती. पाय नॉर्टनकडे गेला, हात ट्रायम्फकडे.

१९७३ साली या दोन कंपन्या एका छताखाली आल्या. मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला. पुढं सहकारी तत्त्वावर १९८३पर्यंत रेटला. सहकाराचं कोल्हापूरकराला वेगळं काय सांगायचं! आता तिथं घरं आहेत.

एका उन्हाळ्यात आबा आले. त्यांना बॉनव्हिलवर मागं बसवून मेरिडनला नेलं. एका गल्लीच्या पाटीवर ‘बॉनव्हिल क्लोज’, दुसरीवर ‘डेटोना ड्राइव्ह’. दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. आबांनी पाट्या वाचल्या, पण बोलले काहीच नाहीत.

परत आल्यावर म्हाताऱ्यानं मगमधून चहा दिला. आबा माझ्या हातांकडं बघत राहिले.

“बशी न्हाई व्हय रं इथं?”