कॅमेरा मुलांच्या हाती

९ जून
शाळा उघडली की वस्तीतल्या मुलांचा फोटोग्राफीचा वर्ग सुरू करायचा, म्हणून वेंडी ईवॉल्डचं 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' पुन्हा वाचायला घेतलं. पुस्तक १९८५ चं. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागात, लेचर काउंटीत, १९७५ च्या सुमारास ही तरुण फोटोग्राफर गेली आणि छोट्या शाळांतल्या मुलांना शिकवू लागली. कोळशाच्या खाणींचा मुलूख. बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन यायचे ते तिथली गरिबी टिपायला. त्याचा तिथल्या लोकांना राग होता. त्या रागातून १९६७ मध्ये याच काउंटीत ह्यू ओ'कॉनर या कॅनडाच्या चित्रपटकाराला एका जमीनमालकाने गोळी घालून ठार केलं होतं. अशा ठिकाणी तिने कॅमेराच तिथल्या मुलांना देऊन टाकला. फार मोठी गोष्ट.

१० जून
देऊन टाकला म्हणणं तितकंसं खरं नाही. साधा इन्स्टामॅटिक कॅमेरा तिने मुलांना दहा डॉलरला विकला. पैसे त्यांनी कमवायचे. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, सगळं मुलंच करत. आमच्या पोरांकडून पैसे घेणं मला जमणार नाही. पण वस्तू आपली झाली की हात कसा बदलतो, ते या फोटोंत दिसतं.

तिने विषय दिले: मी, माझं घर, माझी जनावरं, माझी स्वप्नं. स्वप्नांचे फोटो मुलांनी नाटकासारखे रचले. एकाने स्वप्नात जिवलग मित्राला मारलं होतं. त्याने त्याच मित्राला झाडाच्या बेचक्यात निपचित पडायला लावलं. मोठ्या माणसाने कितीही कॅमेरा रोखला असता तरी हे त्याला मिळालं नसतं.

१२ जून
पुढे ती गुजरातेतल्या विछिया गावातही मुलांबरोबर राहून काम करून गेली. त्यावरचं पुस्तक १९९६ चं. म्हणजे हे आपल्या शेजारीही होऊन गेलं.

१४ जून
मुलांच्या नावावर कलाकार मोठा होतो आणि मुलं 'वंचित बालक' एवढीच उरतात, असे उपक्रम पाहिले की चीड येते. ईवॉल्डच्या पुस्तकात फोटोखाली मुलाचं नाव आहे, शब्दही त्याचेच. २०२० च्या माहितीपटात ती त्याच विद्यार्थ्यांना, आता प्रौढ झालेल्यांना, पुन्हा भेटली.

१६ जून
वर्ग सोमवारपासून. घरात चालू स्थितीतला जुना फोन किंवा कॅमेरा पडून असेल तर द्या. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्या मुलाचं पूर्ण नाव छापलं जाईल, देणाऱ्याचं नाही.