वर्षभराच्या पट्ट्या

मैत्रीण गेल्यावर तिच्या नावाने काहीतरी करायचं, एवढंच आम्हा शाळासोबतिणींचं ठरलं. पैसे जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी तर आजवर गणपतीची वर्गणीही कुणाकडे मागितली नव्हती.

तिला नवव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह होता, म्हणून मदत हाच आजार असलेल्या मुलांना करायची होती. कुणालाही फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला : "गोड फार खायची का गं?" मग मी सांगायचे, की शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, खाण्याचा त्यात काही दोष नसतो. 1922 साली टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नसायचं : "एका मुलाला बरं व्हायला एकूण किती लागतील?" ऑपरेशन असतं तर आकडा सांगता आला असता. हे तर जन्मभर चालणारं.

आमच्या मनात होती कायम ठेव. शाळेत बक्षिसांसाठी ठेवतात तशी. व्याजातून दरवर्षी एका मुलाला मदत. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंनी माझ्यासमोर हिशेबच मांडला. साखर तपासायची एक पट्टी दहा ते वीस रुपयांना. रोज चार, म्हणजे वर्षाला 1,460. इन्सुलिन आणि सुया वेगळ्या. लाखाच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरलं तर सात हजार. त्यात स्वस्तातल्या पट्ट्यासुद्धा सहा महिने पुरत नाहीत.

ऐकता ऐकता मला तिचं घर आठवलं. पट्ट्या महाग, म्हणून तिथे आठवड्यातून एकदाच तपासणी व्हायची. बाकीचे दिवस इन्सुलिन अंदाजाने. तिशीत तिची मूत्रपिंडं निकामी झाली. पट्ट्या असत्या तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण लहान मुलीला अंदाजावर दिवस काढावे लागू नयेत, असं मला फार वाटतं.

ठेवीचा विचार सोडला. आता आम्ही दरवर्षी मागतो, एका मुलाच्या एका वर्षापुरतं. कुणी महिना उचलतं, कुणी आठवडा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. पॅन, 80जीची पावती, दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे सगळं ताईंनी धीराने शिकवलं.

पट्ट्यांच्या डब्यांवर 'स्मरणार्थ' असं लिहून तिचं नाव घालायचं, हे मीच सुचवलं होतं. विचारायला तिच्या आईकडे, काकूंकडे गेले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पावतीवर घाल हवं तर. डब्यावर नको. ती पोर रोज वाचेल आणि विचारेल, ही कशाने गेली म्हणून."

डबे कोरेच जातात.