वरळीच्या बंदरावर

सागरी रस्त्यानें आम्ही सहकुटुंब मोटारींतून निघालों व कांहीं मिनिटांतच वरळीस पोहोंचलों. कोळीवाड्याच्या बंदरावर होड्या होत्या. पलीकडे त्याच रस्त्याचे खांब. महापालिका म्हणते, या १०.५८ किलोमीटरांत इंधन वांचेल. पण वाट सुकर झाली कीं मोटारी वाढतात. त्यांचा धूर कोणी मोजावा? पर्यावरणाची पूर्वपरवानगी हवी, असें म्हणून २०१९ च्या जुलैंत उच्च न्यायालयानें काम थांबविलें. डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां चालूं दिलें. कोळ्यांनीं मात्र नेट धरून खांबांमधील गाळा ६० मीटरांचा १२० करून घेतला. होड्यांस वाट मिळाली. धुराचा हिशेब राहिलाच. समुद्र चढला तर पाणी प्रथम यांच्याच उंबरठ्यास लागेल. परततांना आम्हांस तोच रस्ता सोपा वाटेना.