रणातलं मीठ आणि दादाची गाडी

बडोद्यातून कच्छला जाणारे बहुतेक जण धोरडोच्या तंबूत दोन रात्री काढून, फोटो काढून परत येतात. आम्ही चौघं, म्हणजे बाबा, आजी, निखिलदादा आणि मी, गेल्या जानेवारीत आठ दिवसांसाठी गेलो ते दादाच्या गाडीतून. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून दादाने आत चार झोपायच्या जागा, शेगडी, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी आणि छोटा फ्रिज बसवून घेतलाय. बदल आरटीओत मंजूर करून आरसीवर चढवलेत. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात असं काही असेल तर हे काम आधी करा, पडदे नंतर.

फ्रिज आमच्यासाठी चैनीचा नव्हता. त्यात आजीचं इन्सुलिन होतं. वापरात असलेलं पेन फार उकाडा नसेल तर काही आठवडे बाहेर चालतं, पण न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात. अशी चार होती.

भुजपर्यंत गाडीने काही त्रास दिला नाही. सामखियाळीला चहासाठी थांबलो तेव्हा एका ट्रकवाल्या काकांनी मागच्या जोडचाकांवर लोखंडी सळई आपटून दाखवली. दोन चाकं शेजारी असली की आतल्याची हवा गेलेली डोळ्यांना कळत नाही, कानाला कळते. भरलेलं टायर टणकन बोलतं, बसलेलं नुसतं धप्प करतं. त्यानंतर रोज सकाळी दात घासता घासता सळई आपटणं हे माझं काम झालं.

खावड्याहून धोळावीराला जाणारा रस्ता थेट रणातून जातो. दोन्ही बाजूंना पांढरं मीठ, मध्येच उथळ पाणी, त्यात आभाळ. आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "एवढं मीठ, आणि आपल्याकडे लोणच्याला मोजून घालतो." रस्त्याच्या कडेला ओल होती आणि चाकांनी उडवलेलं ते खारट पाणी गाडीच्या पोटाला लागत होतं.

धोळावीरात संध्याकाळी फ्रिज बंद पडला. आतले दिवे मिणमिणत होते. या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनाची आणि एक घराची, आणि घराची बॅटरी चालत्या इंजिनावर चार्ज होते. दादाने इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. पुढच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट, मागच्या बॅटरीवर जेमतेम बारा. म्हणजे अल्टरनेटर ठीक, बॅटरीही बहुधा ठीक, मधेच कुठेतरी वाट अडलेली. गाडीखाली टॉर्च मारून तासभर पाहिलं, पण अंधारात काही सापडेना.

इन्सुलिन बाबांनी गावातल्या एका दुकानदाराच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. छासच्या पिशव्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांमध्ये आजीचा डबा. आजी स्वतः सोबत गेली आणि बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका, गोठलं की ते फुकट जातं, हे त्यांना आपल्या बडोदी गुजरातीत दोनदा सांगून आली. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

सकाळी आधी अवशेष पाहिले. धोळावीरा २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून इथल्या हडप्पाकालीन लोकांनी दगडात प्रचंड तलाव बांधले. ऐंशी लिटरात चौघांची आंघोळ बसवणाऱ्या माणसाला ते तलाव पुस्तकातल्यापेक्षा वेगळे दिसतात. मी तिथे हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ काढला. बाबा घड्याळ बघत होते.

मग डबा ओल्या टॉवेलात गुंडाळून रापर गाठलं. रस्त्यावरच्या एका गॅरेजमधला मुलगा विशीचा असेल. दादाने व्होल्टचे आकडे सांगितल्यावर तो सरळ गाडीखाली शिरला आणि दोन मिनिटांत ओरडला, "मीठुं छे, बेन!" मागच्या बॅटरीची अर्थिंगची तार चासीला जिथे बोल्टने जोडलेली होती, तिथे हिरवट-पांढरी पूड जमली होती. त्या खारीतून करंट जाणार कसा? त्याने बोल्ट काढला, तारेचं टोक आणि पत्रा काचपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन चोपडलं. मल्टिमीटरवर पुन्हा चौदाच्या आसपास आकडा आला. फ्रिज घुरघुरायला लागला तसं आजीने डबा मांडीवरून उचलून माझ्या हातात दिला.

पैसे विचारले तर म्हणाला, शंभर द्या. वर बजावलं की घरी जाईपर्यंत थांबू नका, भचाऊला गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, कोपरे आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांमधूनही. आम्ही धुवून घेतली. खालून वाहणारं पाणी बराच वेळ पांढुरकंच येत होतं.

आता गाडीत सळईच्या शेजारी काचपेपर आणि व्हॅसलिनची डबी असते. आजीला पुढच्या वेळी मांडवीचा समुद्र बघायचाय, आपल्या घराजवळची मांडवी नव्हे, कच्छची. दादा म्हणतो, तिथेही मीठच आहे.