सातव्या महिन्यात नवं वर्ष

पाडव्याची सुट्टी मागितली की आमचे शेठ दरवर्षी एकच वाक्य ऐकवतात, "बेन, नवुं वरस तो दिवाळी पछी." वर हसतात. अर्धा दिवस देतात, नाही असं नाही. पण तो नव्या वर्षाचा म्हणून नव्हे, बाईमाणसाची हौस म्हणून. माझा राग अर्ध्या दिवसावर नाही, त्या हसण्यावर आहे. चैत्रात वर्ष सुरू करणं म्हणजे मराठी माणसाचं काहीतरी खूळ, असा तो सूर.

सुरतेच्या भेस्तानात वर्षाचा घोळ तसाही मोठा. आमच्या जिन्यातल्या गोरखपूरवाल्यांचा चैत्र होळी झाली की लागतो, पण संवत बदलतो पंधरवडा उलटल्यावर. ओडिया पोरं एप्रिलच्या मध्याला पणा संक्रांत करतात. खालच्या खानदेशी वहिनी माझ्यासारख्याच गुढीवाल्या. आणि शेठांचं बेसतुं वरस कार्तिकात. त्यानंतर लाभपाचमीपर्यंत लूमचा खडखडाट बंद, वर्षातली तेवढीच काय ती शांतता. ज्याला त्याला आपलं वर्ष खरं, आणि ते तसंच असावं. फक्त शिशिराची पानगळ संपून पालवी फुटते तेव्हा वर्ष बदलावं, हे कुणालाही पटण्याजोगं आहे की नाही?

शेठांना खरं उत्तर मात्र आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीत आहे. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, एकेकाळचे आमच्याकडचे शनिवार तेली; शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज तिथे लागले, असं ते सांगतात. त्यांच्या पंचांगात महिने मोजतात वसंतापासून. पेसाह हा सुटकेचा सण ज्या महिन्यात येतो तो निसान पहिला, म्हणजे साधारण आपला चैत्र. पण वर्षाचा आकडा बदलतो तिश्रीत, जो मोजून सातवा! पहिला महिना माझ्या बाजूचा, नवं वर्ष जवळजवळ शेठांच्या बाजूचं. दोन्ही एकाच पंचांगात, आणि कोणी कोणाला हसत नाही.

त्या नव्या वर्षाला, रोश हशनाला, कोकणात नाव होतं नव्याचा सण. तो येतो अमावास्येनंतर, बहुधा आपल्या घटस्थापनेला लागून. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला आले. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला आपले घट बसले आणि त्याच संध्याकाळी त्यांचं 5786 वर्ष लागलं. त्यांचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. मग पंधराव्या तिथीला सुक्कोथ, मांडवाचा सण. त्याची पहिली रात्र 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला होती, आणि आपली कोजागिरीही त्याच रात्री. पुरीमला तर आमच्याकडे होळीचा सणच म्हणत, कारण तोही त्याच पौर्णिमेच्या आगेमागे. पेसाहची पहिली रात्र हनुमान जयंतीच्या आसपास. चंद्र एकच, म्हटल्यावर हे व्हायचंच. अधिक महिनाही दोघांकडे आहे: ते 19 वर्षांत 7 अधिक धरतात, आपलाही हिशेब जवळपास तेवढाच. फरक इतकाच की त्यांचा अधिक महिना नेहमी अदारच, आपला वेगवेगळ्या महिन्यांत उगवतो. म्हणून एखाद्या वर्षी महिनाभराची फारकत होते. 2023 मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण पडला आणि त्यांचं नवं वर्ष गणपतीच्या तीन दिवस आधीच येऊन गेलं. हे मी खानदेशी वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ते पण आपल्यासारखेच धोंड्याचा महिना पाळतात का?" धोंडे नाही, वहिनी, जावयाला वाण देत नाहीत.

पण वहिनींना खरा रस लागला हलव्यात. नव्याच्या सणाला बेने इस्रायल घरांत चिकाचा हलवा होतो, आणि चीक म्हटल्यावर खानदेशची बाई कान टवकारणारच. उन्हाळ्यात तिच्या कुरडया त्याच्याच. कृती सरळ आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. विसरलात तर वास मजलाभर जातो, आणि भेस्तानच्या खोल्यांत मजलाभर म्हणजे सगळ्यांच्या नाकात. मग वाटून, पिळून, गाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. इथपर्यंत कुरडई आणि हलवा एकच. पुढे कुरडईवाली मीठ-पाण्यात शिजवते आणि हलवेवाली नारळाच्या दुधात साखर घालून. दूध नारळाचंच, कारण सणाच्या पंगतीत मटण असतं आणि मांसाबरोबर जनावराचं दूध त्यांना वर्ज्य. मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं, गोळा कडा सोडू लागला की तूप न लावलेल्या ताटात थापायचं, वर वेलची, बदामाचे काप. गार झाल्यावर वड्या.  वहिनींनी केला तो थोडा चिवट झाला, पण शेठांनी दोन वड्या खाल्ल्या.

नव्याच्या सणानंतर खिरीचा सण, मग दारफळणीचा. त्या दिवशी, योम किप्पूरला, कडक उपास. पूर्वी दारं लावून पांढऱ्या कपड्यात घरात बसत, बाहेरच्याशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं. मला सगळ्यांत आवडतो तो हाच.

सुरतेला ज्यू नवे नाहीत. अठराव्या शतकात बगदाद-अलेप्पोकडचे व्यापारी इथे होते. अलेप्पोचा शालोम कोहेन इथूनच 1798 मध्ये कलकत्त्याला गेला. पण ते अरबी बोलणारे. मराठीत सण करणारे बेने इस्रायल गुजरातेत भेटतात ते अहमदाबादेत. 1934 मध्ये बांधलेलं मागेन अब्राहम सिनेगॉग तिथे खमासाला आहे. बाकी बरेच इस्रायलला गेले.

उधना-पांडेसरा-भेस्तानातली आपली मंडळं दरवर्षी दिनदर्शिका छापतात. पाडवा असतो, बेसतुं वरस असतं, छठही असते. पुढच्या वेळी अश्विनाच्या पानावर नव्याचा सण आणि शिळा सणही छापा. मराठीच सण आहेत ते.